मुतखडा: चिरेपासून दुर्बिणीपर्यंत

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरीच्या पुढे लागणारे बोरी हे गाव काळ्या जमिनीचे, कापूस, सोयाबीन, तूर आणि ज्वारीचे आहे, आणि मराठवाड्यातील बहुतेक गावांप्रमाणे येथेही मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला तर कोणाला नवल वाटत नाही. या दिवसांत लघवीला जळजळ होऊन ती थेंब थेंब होऊ लागली की तिला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. ऋतूचेच नाव दुखण्याला देणारा हा शब्द वैद्यकाच्या दृष्टीने ढोबळ आहे, कारण जंतुसंसर्ग, मुतखडा आणि शरीरातील पाण्याची नुसती तूट या तिन्ही गोष्टी त्याच्या पोटात येतात. तरीही दुखण्याचे मूळ कोठे शोधावे याचा माग त्याने अचूक काढलेला आहे.

निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्तात परत घेतात. उन्हात निंदणी-खुरपणी करणाऱ्याच्या अंगातून घामावाटे भरपूर पाणी निघून गेले म्हणजे मूत्रपिंडे हात आखडता घेतात आणि लघवी अर्ध्या-पाऊण लिटरवर येते; मात्र तिच्यातून बाहेर टाकायचे कॅल्शियम, ऑक्झलेट आणि युरिक आम्ल त्या प्रमाणात कमी होत नाही. पाक आटत गेला की कढईच्या कडेला जशी साखर धरते, तसे हे क्षार मग मूत्रपिंडाच्या आतल्या अस्तरावर कण धरू लागतात, कणावर थर चढतो आणि त्याचा खडा होतो. शेतात काम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते: आडोसा नसल्यामुळे दिवसभर लघवी रोखावी लागते, म्हणून त्या मुळातच पाणी कमी पितात.

खड्याचा दोष बहुधा बोअरच्या जड पाण्याला, टोमॅटोच्या बियांना किंवा तंबाखूबरोबरच्या चुन्याला दिला जातो. यांपैकी बियांचा काहीही संबंध नाही, आणि जड पाण्याविरुद्धचा पुरावा इतका डळमळीत आहे की जड का होईना, पण भरपूर पाणी पिणाराच फायद्यात राहतो. खड्यात कॅल्शियम असते म्हणून दूध-दही तोडण्याचा सल्ला तर उलटाच पडतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ४५ हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी झाल्याचे दिसले. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि ते लघवीपर्यंत पोहोचू देत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हुलग्याचे कढण घरोघरी दिले जाते, आणि त्याबरोबर पोटात जाणारे पाणी तरी निश्चितच उपयोगी पडते.

मूत्रपिंडात पडून असलेला खडा वर्षानुवर्षे मुका राहू शकतो. तो मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणाऱ्या सुमारे २५ सेंटीमीटर लांबीच्या बारीक नळीत, उतरला की माणूस गडाबडा लोळतो. ही नळी तीन ठिकाणी अरुंद असते: मूत्रपिंडातून निघतानाच, कंबरेतील मोठ्या रक्तवाहिन्यांना ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना, खडा अडकतो तो बहुधा यांपैकी एका जागी. खड्याची टोके बोचतात म्हणून कळ येते, हा समज खरा नाही. खड्याच्या वर लघवी तुंबून नळीवर आणि मूत्रपिंडावर ताण येतो, त्याची ती कळ असते. म्हणूनच कळ थांबणे ही नेहमीच आनंदाची बातमी नसते, कारण खडा पडून गेल्यावर जशी ती थांबते, तशीच तो अडकून राहिला आणि वरचे मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ लागले तरीही थांबते. दोहोंतला फरक रुग्णाला आतून कळत नाही. तो सोनोग्राफीत दिसतो.

कमीत कमी इजा करणाऱ्या उपचारांची खरी सुरुवात शस्त्रक्रियागृहात न होता येथे, निदानाच्या टेबलावर होते. जे शोधण्यासाठी पूर्वी पोट उघडावे लागे, ते आता ध्वनिलहरी आणि क्ष-किरण बाहेरून दाखवतात. सोनोग्राफीच्या कागदावर ‘लेफ्ट लोअर युरेटरिक कॅल्क्युलस, ७ एमएम, विथ माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस’ अशी एक ओळ असते आणि ती हातात घेऊन घरी जाणाऱ्याला तिच्यातला फक्त आकडा कळतो. वास्तविक त्या ओळीत चार गोष्टी असतात: खडा डाव्या बाजूला आहे, मूत्रवाहिनीच्या खालच्या टप्प्यात आहे, ७ मिलिमीटरचा आहे आणि त्याच्या अडथळ्यामुळे मूत्रपिंड थोडे फुगले आहे. आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व शेवटच्या शब्दाला आहे. सोनोग्राफीला मूत्रवाहिनीचा मधला भाग आतड्यांतील हवेमुळे नीट दिसत नाही आणि साध्या एक्स-रेत युरिक आम्लाचे खडे उमटत नाहीत. म्हणून शंका उरली की विना-औषध सीटी स्कॅन केला जातो, त्यात जवळजवळ प्रत्येक खडा दिसतो आणि त्याचा कठीणपणाही अंदाजता येतो. या चित्रांच्या जोडीला लघवीची साधी तपासणी, जंतूंसाठी कल्चर आणि रक्तातील क्रिएटिनिन एवढे झाले की उपचारांची दिशा ठरते.

ती दिशा पुष्कळदा ‘थांबा’ अशी असते. अमेरिकी आणि युरोपीय मूत्रशल्यतज्ज्ञांच्या संघटनांनी २००७ मध्ये एकत्रित केलेल्या आकडेवारीनुसार मूत्रवाहिनीतील ५ मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांपैकी सुमारे ६८ टक्के आणि ५ ते १० मिलिमीटरच्या खड्यांपैकी सुमारे ४७ टक्के आपोआप पडतात. वेदनाशामक औषध, पाणी आणि नळीचा खालचा भाग सैल करणारी टॅमसुलोसिनसारखी गोळी देऊन चार-सहा आठवडे वाट पाहणे हा म्हणजे रीतसर उपचार आहे, टाळाटाळ नव्हे. याला एक अपवाद कधीही विसरता येत नाही: अडकलेल्या खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला, तर तुंबलेल्या लघवीतील जंतू काही तासांत रक्तात पसरू शकतात. अशा वेळी खडा फोडायला जायचे नसते. आधी नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करायची आणि खड्याचे नंतर पाहायचे, असा क्रम असतो.

भारतात खड्यावरील शस्त्रक्रियेचा लेखी इतिहास सुश्रुतसंहितेपासून सुरू होतो. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात मूत्राशयातील अश्मरी काढण्याची कृती सांगितली आहे: रुग्णाला धडधाकट माणसाच्या मांडीवर टेकवून गुडघे बांधायचे, डाव्या हाताची दोन बोटे गुदमार्गातून घालून खडा पुढे ढकलायचा आणि मधल्या शिवणीच्या डावीकडे, जवाएवढे अंतर सोडून, खड्याच्या मापाची चीर द्यायची. या कृतीइतकीच तिच्या आधीची अट लक्षणीय आहे. कुशल वैद्यालाही यशाची खात्री नसते आणि शस्त्रक्रिया न केल्यास मृत्यू मात्र ठरलेला असतो, म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच हात घालावा, असे तेथे बजावलेले आहे. आजच्या संमतीपत्राचा हा पूर्वज म्हणावा लागेल, फरक इतकाच की तेव्हा संमती रुग्णाऐवजी राजाची घेत.

चीर न देता नैसर्गिक मार्गानेच आत जाऊन खडा फोडण्याचे श्रेय पॅरिसच्या झां सिव्हियाल यांच्याकडे जाते. १८२४ मध्ये त्यांनी मूत्रमार्गातून घातलेल्या चिमट्यासारख्या हत्याराने मूत्राशयातील खडा भरडला, आणि १८३५ मध्ये जे आकडे मांडले त्यांत चिरेच्या शस्त्रक्रियेत शंभरात जवळपास एकोणीस रुग्ण दगावत असताना खडा भरडण्यात दोनच्या आसपास दगावत होते. बॉस्टनच्या हेन्री बिगेलो यांनी १८७८ मध्ये भरडलेला चुरा त्याच बैठकीत पाण्याने खेचून काढण्याची जोड दिली. लहान मुलांच्या अरुंद मूत्रमार्गात हे जमणार नाही, असे तेव्हा युरोपात मानले जात होते. तो समज खोडून काढणाऱ्यांत होळकरांच्या इंदूरमधील रेसिडेन्सी सर्जन डेनिस फ्रान्सिस कीगन यांचे नाव ठळक आहे. त्यांनी १८८० च्या दशकात मुलांवर हीच शस्त्रक्रिया करून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळी हिंदुस्थानातील गरीब घरांत, नुसत्या धान्यावर वाढणाऱ्या मुलांना मूत्राशयाचे खडे सर्रास होत, त्यामुळे अनुभव येथेच साठला होता आणि शिकायची पाळी युरोपची होती. दूध आणि प्रथिने ताटात आली तसा मुलांचा हा आजार मागे हटला आणि मोठ्यांच्या मूत्रपिंडातील खडा पुढे आला.

सिव्हियाल आणि कीगन दोघेही आंधळेपणाने, हाताला लागणाऱ्या कणावर विसंबून काम करत होते. आत पाहण्याची सोय १८७० च्या दशकाच्या अखेरीस माक्स निट्झे यांच्या दुर्बिणीने झाली, आणि ते चित्र खऱ्या अर्थाने स्वच्छ झाले ते ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या काचकांड्यांच्या भिंगांमुळे. याच हॉपकिन्स यांनी नरिंदरसिंग कपानी या भारतीय विद्यार्थ्याबरोबर १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे दाखवले. वाकणारी दुर्बीण तेथून निघाली. गावाकडे ‘दुर्बीण टाकून ऑपरेशन’ असे जे म्हटले जाते त्यातील दुर्बीण ती हीच.

खडा काढण्याचे आजचे मार्ग तीन आहेत. पहिल्यात शरीरात काहीच शिरत नाही. विमाने बनवणाऱ्या डॉर्निअर या जर्मन कंपनीत, ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळल्याने होणाऱ्या नुकसानाचा अभ्यास चालू होता. त्यातून आघातलहरींचे यंत्र आकाराला आले आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये क्रिस्तियान शॉसी यांनी त्याने पहिल्या रुग्णाचा खडा फोडला. रुग्णाला तेव्हा पाण्याच्या टाकीत बसवत. आता पाठीला पाण्याची गादी लावली की भागते. लहरी अंगातून निरुपद्रवीपणे जाऊन खड्यावर एकवटतात. खडा दोन सेंटीमीटरपेक्षा मोठा, फार कठीण किंवा मूत्रपिंडाच्या अगदी तळाच्या कप्प्यात असेल तर मात्र हा मार्ग अपुरा पडतो, आणि फुटलेला चुरा शेवटी रुग्णालाच लघवीवाटे पाडावा लागतो.

दुसऱ्या मार्गात बारीक दुर्बीण मूत्रमार्गातून मूत्राशयात आणि तेथून मूत्रवाहिनीत चढवली जाते. अंगावर टाका पडत नाही, कारण चीरच नसते. केसासारख्या जाडीच्या काचतंतूतून होल्मियम लेझरचे झोत खड्यावर सोडले जातात. या लेझरची ऊर्जा पाणी मिलिमीटरभराच्या आतच शोषून घेते, त्यामुळे खड्याला लागून असलेल्या अस्तराला फारशी इजा न करता खड्याचा भुगा करता येतो. वाकणारी दुर्बीण असेल तर मूत्रपिंडाच्या कप्प्याकप्प्यांत फिरून हेच काम होते.

मोठ्या खड्यांसाठीचा तिसरा मार्ग स्टॉकहोमच्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी १९७६ मध्ये मांडला. क्ष-किरणांच्या किंवा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाठीतून एक सुई थेट मूत्रपिंडाच्या ठरलेल्या कप्प्यात नेतात. सुईतून तार सरकवतात, सुई काढतात, तारेवरून एकापेक्षा एक जाड कांड्या घालून वाट रुंदावतात आणि शेवटी एक पोकळ नळी बसवून तिच्यातून दुर्बीण आत सोडतात. पूर्ण शस्त्रक्रियेचे कसब या पहिल्या सुईत असते. ती चुकीच्या कोनातून गेली तर रक्तस्राव, नेमकी गेली तर पुढचे काम सरळ. या वाटेची जाडी फ्रेंच या मापात मोजतात आणि ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. मूळची वाट ३० फ्रेंचच्या आसपास, म्हणजे करंगळीएवढी होती. नंतर ती निम्म्यावर आली, आणि २०११ मध्ये गुजरातमधील नडियादच्या मूत्ररोग रुग्णालयातील महेश देसाई, रवींद्र सबनीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४.८५ फ्रेंच, म्हणजे अवघ्या १.६ मिलिमीटरच्या, स्वतःच पाहू शकणाऱ्या सुईतून हे काम करून दाखवले.

हे तिन्ही मार्ग येण्याआधी मूत्रपिंडातील खड्यासाठी कुशीत वीतभर चीर देऊन स्नायूंचे तीन थर कापावे लागत आणि रुग्णाला महिना-दीड महिना जड काम वर्ज्य असे. आजचा रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. हातावर पोट असणाऱ्यासाठी हा फरक वेदनेपेक्षाही बुडणाऱ्या मजुरीचा आहे, आणि उपचारांची किंमत मोजताना तो हिशेब सहसा कोणी धरत नाही. दवाखान्याच्या बिलापुरते बोलायचे तर २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू होऊन २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये परभणीसह राज्यभर गेलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, जिचे नाव २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाले, मुतखड्याच्या या शस्त्रक्रियांचा खर्च उचलते. शेतकरी आत्महत्यांमुळे संकटग्रस्त ठरलेल्या १४ जिल्ह्यांत परभणी असल्याने तेथील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून तिचा लाभ घेण्याची मुभा मिळाली. २०२३ मध्ये परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठण्याची गरजही काही अंशी कमी व्हावी.

पुरुषांची पौरुषग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, वाढल्याने होणाऱ्या त्रासाची कथा याच धर्तीची आहे. रात्रीतून चार वेळा उठणे, धार बारीक होणे, थांबून थांबून होणे हे ‘वयच झाले आता’ म्हणून सोडून दिले जाते आणि एके दिवशी लघवी साफ तुंबली की कॅथेटर घालून धावपळ होते. गोळ्यांनी न भागल्यास मूत्रमार्गातूनच दुर्बिणीने ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढतात. वीर्य नंतर बाहेर न येता मूत्राशयात जाण्याची शक्यता मोठी असते, हे आधी सांगितले गेले पाहिजे.

मूत्रमार्गाच्या आकुंचनाने मात्र ‘जितकी चीर लहान तितका उपचार चांगला’ या समजाला छेद दिला आहे. अपघाताने, जुन्या संसर्गाने किंवा धसमुसळेपणाने घातलेल्या कॅथेटरने मूत्रमार्गात व्रण धरून तो अरुंद होतो. दुर्बिणीतून आतल्या आत पात्याने तो व्रण कापणे दहा-वीस मिनिटांचे, बिनटाक्याचे काम आहे, आणि आखूड आकुंचनाला ते एकदा करून पाहणे योग्यही असते. परंतु तो व्रण परत धरला की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी कापल्याने टिकाऊ यश जवळजवळ मिळत नाही, उलट प्रत्येक वेळी व्रण लांबत जातो. अशा रुग्णाला एकदाच चीर देऊन मार्ग नव्याने बांधणे हाच खरा कमी त्रासाचा उपाय ठरतो. पुण्याचे मूत्रशल्यतज्ज्ञ डॉ. संजय कुलकर्णी यांनी यात जगभर वापरली जाणारी पद्धत घडवली. २००९ मध्ये त्यांनी इटलीतील सहकाऱ्यांसह मांडलेल्या या पद्धतीत मूत्रमार्ग एकाच बाजूने सोडवला जातो, जेणेकरून दुसऱ्या बाजूचे मज्जातंतू आणि रक्तपुरवठा शाबूत राहतो, आणि गालाच्या आतील अस्तराचे ठिगळ लावून मार्ग रुंद केला जातो. ठिगळासाठी गाल निवडण्याचे कारण असे की ते अस्तर जाड, ओलाव्याला सरावलेले आणि लगेच जीव धरणारे असते. गुटखा आणि सुपारी खाणाऱ्यांचा गाल मात्र आतून ताठ, पांढरट झालेला असतो, तोंडही पुरते उघडत नाही, आणि शल्यतज्ज्ञाला जिभेखालच्या अस्तराकडे वळावे लागते. महाराष्ट्रातील मूत्रशल्यतज्ज्ञ रुग्णाची लघवी तपासण्याआधी त्याला तोंड उघडायला सांगतो, यात म्हणून काही विचित्र नाही.

चीर लहान झाली म्हणजे उपचारांचा भार नाहीसा झाला असे होत नाही. तो शस्त्रक्रियेच्या आधीच्या तपासण्यांवर आणि नंतरच्या दिवसांवर सरकतो. डीजे स्टेंटइतके याचे स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. खडा काढल्यावर सुजलेली मूत्रवाहिनी बंद होऊ नये म्हणून तिच्यात एक मऊ, पोकळ नळी ठेवतात. तिचे एक टोक मूत्रपिंडात आणि दुसरे मूत्राशयात डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असते, त्यामुळे ती जागची हलत नाही. ती आत असेतो वारंवार लघवीला लागणे, कंबरेत दाटून येणे आणि कष्टाच्या कामानंतर लघवी लालसर होणे चालू राहते. थोड्या दिवसांनी शरीर तिला सरावते, आणि धोका येथूनच सुरू होतो. नळी दोन ते सहा आठवड्यांत, आणि कारण असले तरी साधारण तीन महिन्यांच्या आत, काढायची किंवा बदलायची असते. ती राहून गेली तर जे क्षार मूळ खडा घडवत होते तेच तिच्यावर बसू लागतात, दोन्ही वळलेली टोके दगडासारखी होतात, आणि जी नळी पाच मिनिटांत निघाली असती तिच्यासाठी मूत्राशयातील खडा फोडणे, पाठीतून वाट करणे असे सगळे नव्याने करावे लागते. काहींचे मूत्रपिंड तोवर गेलेले असते.

परभणी जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पावसाळ्याच्या शेवटी शस्त्रक्रिया झालेल्या मजुराची नळी काढण्याची तारीख नेमकी या फडावरच्या दिवसांत पडते. उचल घेतलेली असते, कोयता सोडून आठ-दहा तासांच्या प्रवासाला कोणी जाऊ देत नाही, आणि दुखत नसल्यामुळे जाण्याची निकडही वाटत नाही. यावर काही शल्यतज्ज्ञ साध्या शस्त्रक्रियेनंतर नळीला जोडलेला दोरा मूत्रमार्गाबाहेर ठेवतात, म्हणजे ती आठवडाभरात दुर्बिणीशिवाय ओढून काढता येते; काही जण खडा पूर्ण निघाला असेल आणि मूत्रवाहिनीला इजा नसेल तर नळी ठेवतच नाहीत. ठेवावीच लागली तर सुट्टीच्या कार्डावर ‘नळी आत आहे’ ही ओळ मराठीत, मोठ्या अक्षरांत, काढण्याच्या तारखेसह लिहिली जावी, आणि रुग्णालयाच्या वहीत रुग्णाच्या फोन नंबराशेजारी मागे गावात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचाही नंबर असावा, कारण टोळीबरोबर फडावर गेलेल्या माणसाचा फोन पुष्कळदा लागत नाही.